ग्लूला दोष देण्याआधी क्लॅम्प तपासा: घरच्या सुतारकामासाठी क्लॅम्पची पारख

फळ्या जोडून केलेला टेबलाचा पल्ला काही महिन्यांनी सांध्यावर उघडला, की दोष हमखास ग्लूच्या माथी मारला जातो. खरं तर साधा पीव्हीए ग्लूसुद्धा (लाकूडकामातला नेहमीचा पांढरा किंवा पिवळसर ग्लू) नीट दाबाखाली वाळला, तर सांधा शेजारच्या लाकडापेक्षा मजबूत होतो. असा सांधा मुद्दाम मोडायला गेलं, तर सांधा टिकतो आणि बाजूचं लाकूड फाटतं. अट एकच: ग्लू धरेपर्यंत दोन्ही कडा पूर्ण लांबीभर एकमेकींना भिडलेल्या राहिल्या पाहिजेत. पीव्हीए फट भरून काढत नाही. त्यातलं पाणी उडून गेलं की तो आकसतो, आणि फटीत साचलेला जाड थर कमकुवतच राहतो. कडा भिडवून धरण्याचं काम क्लॅम्पचं आहे, आणि नेमकी तिथेच काटकसर केली जाते. करवत किंवा ड्रिल एक घेतलं की पुरतं. क्लॅम्प एकटा घेऊन काहीच होत नाही. ते एकाच जातीचे, एकाच लांबीचे, निदान चार तरी लागतात.

दाब किती लागतो

टाइटबाँड हा लाकडाचा ग्लू बनवणारे जो दाब सुचवतात, तो चौरस इंचाला मऊ लाकडासाठी १०० ते १५० पाउंड आणि कठीण लाकडासाठी १७५ ते २५० पाउंड असा आहे. किलोत मांडलं तर दर चौरस सेंटिमीटरला मऊ लाकडाला साधारण ७ ते १०.५ किलो, कठीण लाकडाला १२ ते १७.५ किलो.

आता एक पल्ला घेऊ. फळीची जाडी २० मिमी, लांबी १ मीटर. एका सांध्याचं क्षेत्रफळ झालं २०० चौरस सेंटिमीटर. मऊ लाकूड असलं तरी कमीत कमी १४०० किलो दाब हवा, कठीण असेल तर २४०० च्या पुढे. फळ्या तीन असोत की सहा, हा आकडा बदलत नाही, कारण तोच दाब एका सांध्यातून पुढच्या सांध्यात जातो. लांबी किंवा जाडी वाढली तर मात्र तो वाढतो.

या हिशेबात एका हाताने दाबायचे ट्रिगर क्लॅम्प कुठे बसतात ते पाहा. आयर्विन क्विक-ग्रिपच्या मधल्या जातीची कमाल ताकद ३०० पाउंड, म्हणजे १३६ किलो आहे. चार लावले तर ५४४ किलो होतात, चौरस सेंटिमीटरला जेमतेम पावणेतीन किलो. त्यांच्याच ६०० पाउंडी जातीचे चार लावले तरी साडेपाचच्या आतच राहतं. त्याउलट बेसीच्या के-बॉडी रेव्हो या पॅरलल, म्हणजे जबडे समांतर राहणाऱ्या क्लॅम्पची कमाल ताकद ८००० न्यूटन, म्हणजे सुमारे ८१५ किलो दिलेली आहे. हाताने पिळून प्रत्यक्षात त्याच्या निम्मी ताकद मिळाली असं धरलं, तरी चारांचे १६०० किलो होतात आणि मऊ लाकडाचं काम निभावतं. कठीण लाकडाला सहा लावावे लागतील.

याचा अर्थ आकडा गाठला नाही तर सांधा सुटलाच, असा मात्र नाही. कडेला रंधा उत्तम मारलेला असेल आणि दोन फळ्या नुसत्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या असता मधून प्रकाश दिसत नसेल, तर कमी दाबातही सांधा चांगला बसतो. पण वाकडी कड क्लॅम्पच्या जोरावर ओढून बसवायची सवय वाईट. तो ताण सांध्यात कायमचा राहतो, आणि हवेतला ओलावा बदलला की टोकाकडून फट पडायला लागते.

एफ क्लॅम्प: घराघरातला, आणि सर्वांत जास्त फसवणारा

लांब पट्टी, तिच्या एका टोकाला पक्का जबडा, दुसरा सरकणारा आणि त्याला स्क्रू. रचना एवढीच, पण चांगल्या आणि वाईट एफ क्लॅम्पमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाहेरून तो दिसत नाही, म्हणून घेताना चार गोष्टी हातात धरून पाहाव्यात.

पहिली, पट्टी. दाब दिला की ती धनुष्यासारखी वाकते आणि जबड्यांची टोकं फाकतात. मग सगळा जोर पट्टीकडच्या बाजूला जातो. सांधा त्या बाजूला मिटतो, पलीकडच्या बाजूला उघडा राहतो, आणि पल्ला पन्हळीसारखा वाकतो. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या मात्र घनाच्या पटीत. २५ × ६ मिमीची पट्टी आणि ३० × ८ मिमीची पट्टी शेजारी ठेवल्या तर फरक फार वाटत नाही, पण दुसरी जवळजवळ सव्वादोनपट ताठ असते. ६०० मिमीपेक्षा लांब एफ क्लॅम्पला बारीक पट्टी असेल तर तो घेऊच नये.

दुसरी, जबड्याचा धातू. बिडाचा, त्यातही न तडकणाऱ्या मॅलिएबल बिडाचा जबडा वर्षानुवर्षं टिकतो. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा जबडा दिसायला सुबक असतो, पण जोराने पिळला की पट्टीच्या खाचेपाशी तडकतो. रंगाचा पापुद्रा कुठे उडालेला असेल तर आतला धातू निरखावा.

तिसरी, आटे. चौकोनी माथ्याचे रुंद, समलंबी आटे हवेत. साध्या बोल्टासारखे टोकदार आटे पटकन झिजतात, आणि स्क्रू शेवटचा अर्धा फेरा फिरवताना अडकतो. मूठ हाताला लागेल इतकी जाड असावी. ग्लूने बुळबुळीत झालेल्या हातातून गुळगुळीत लाकडी मूठ घसरते. मुठीऐवजी आडवा दांडा असलेली जात घेतली तर पिळायला जोर मिळतो.

चौथी गोष्ट सरकत्या जबड्याची पकड. तो तिरपा होऊन पट्टीला चावतो आणि थांबतो, सगळं त्या चावण्यावर अवलंबून असतं. पट्टीच्या कडेला बारीक दात असतील तर पकड पक्की बसते. दुकानातच लाकडाचा एक तुकडा धरून घट्ट पिळावा आणि जबड्यावर तळहाताने थाप द्यावी. जबडा जरा जरी सरकला तर तो क्लॅम्प परत ठेवावा. ग्लू अर्धवट धरत असताना सुटणारा क्लॅम्प काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण पहिला दाब ग्लू बाहेर काढून गेलेला असतो आणि सांधा कोरडा पडतो.

हे सगळं तपासून घेतलेला एफ क्लॅम्प ही घरच्या कामासाठी सर्वांत शहाणी खरेदी आहे. खण, छोट्या पेट्या, पायांचे जोड, प्लायवूडवर चिकटवायच्या पट्ट्या, सगळीकडे तोच लागतो. ३०० मिमीचे चार आणि ६०० मिमीचे चार असले की पहिली दोन वर्षं अडत नाही.

पॅरलल क्लॅम्प

याचे जबडे रुंद, उंच आणि पट्टीशी काटकोनात राहणारे असतात. दाब आला तरी टोकं फाकत नाहीत, हा त्याचा सगळा अर्थ. बेसी ही १८८९ पासूनची जर्मन कंपनी. तिच्या के-बॉडीमध्ये पोलादी गाभ्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि त्याला ग्लू चिकटत नाही. एक जबडा उलटा बसवला की क्लॅम्प आतून बाहेर रेटणारा होतो. जुन्या खुर्चीचे जोड सुटे करताना हे फार कामाला येतं.

पेटीसारख्या कामात याला पर्याय नाही. कपाटाची चौकट चार पॅरलल क्लॅम्पवर ठेवली की पट्ट्याच टेकू होतात, आणि जबडा सबंध कडेवर सपाट टेकत असल्यामुळे वेगळी लाकडी पट्टी घालावी लागत नाही. शेल्फ किंवा दाराची चौकट गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात बसवण्यासाठी यासारखं साधन दुसरं नाही.

दोष दोन. एक, तो जड असतो. १ मीटरचे दोन क्लॅम्प एका टोकाला लावले की हलकी चौकट त्यांच्याच वजनाने पीळ खाते, म्हणून खाली सपाट आधार हवाच. दोन, त्याची मूठ पट्टीच्या अगदी जवळ असते आणि टेबलावर ठेवून पिळताना बोटं घासतात. ज्या क्लॅम्पच्या मुठीच्या टोकाला षट्कोनी खाच दिलेली असते, तिथे ॲलन की लावून हा प्रश्न सुटतो.

तपासणी सोपी आहे. जबडा आणि पट्टी यांच्यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) धरावा, मग मध्ये लाकूड ठेवून घट्ट पिळावं आणि पुन्हा गुण्या धरावा. पिळल्यावर गुण्या आणि जबड्यामध्ये उजेड दिसला, तर तो फक्त नावाचा पॅरलल आहे. या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त जातींमध्ये हाच दोष वारंवार असतो, आणि त्या घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत चांगले एफ क्लॅम्प घ्यावेत.

पाइप क्लॅम्प

लांब पल्ल्यासाठी कमी खर्चात भरपूर ताकद हवी असेल तर हाच घ्यावा. दोन बिडाचे जबडे विकत मिळतात, पाइप आपण आपल्याला हवा तेवढा लांब घ्यायचा. अर्ध्या आणि पाऊण इंची पाइपसाठी वेगवेगळे जबडे येतात. त्यांतला पाऊण इंचीच घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २७ मिमी असतो आणि तो खूपच कमी वाकतो. काळा लोखंडी पाइप सरकत्या जबड्याच्या चकत्या चांगल्या पकडतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर त्या घसरू शकतात. पाइपच्या एका टोकाला आटे पाडलेले असावे लागतात, दुसऱ्या टोकालाही पाडून घेतले तर सॉकेट लावून दोन पाइप जोडता येतात.

त्रास एकच, पण मोठा: ओला ग्लू, उघडं लोखंड आणि सागवान किंवा ओकसारखं टॅनिन असलेलं लाकूड एकत्र आलं की काळा डाग पडतो. तो वरवरचा नसतो, रंध्यानेही लवकर जात नाही. पाइपवर मेणकागद गुंडाळला किंवा पॅकिंगची चिकटपट्टी लावली की काम भागतं.

बाकीच्या जाती थोडक्यात

ट्रिगर क्लॅम्पची ताकद कमी असली तरी तो तिसरा हात आहे. एका हाताने तुकडा जागेवर धरायचा, दुसऱ्याने दाबायचा. जोडणीत सगळं उभं करायला हे दोन हवेतच. अंतिम दाब मात्र स्क्रूवाल्यांनी द्यावा.

इंग्रजी G च्या आकाराच्या जी क्लॅम्पची पकड आखूड, पण जबरदस्त असते. जाड ठोकळे एकमेकांवर चिकटवताना किंवा टेबलाला जिग (काम जागेवर धरणारा साचा) बांधताना तोच घ्यावा. स्प्रिंग क्लॅम्प हलक्या कडपट्ट्यांना. पट्ट्याचा क्लॅम्प षट्कोनी पेटी किंवा खुर्चीच्या पायांभोवती बांधायला उत्तम; फोटो फ्रेमला मात्र चार कोपऱ्यांवर त्याचे प्लॅस्टिकचे कोपरे बसतात की नाही ते आधी पाहावं. कोपरा क्लॅम्प घरच्या कामासाठी अनावश्यक वाटतो. तो दोन तुकडे काटकोनात धरतो, पण सांध्यावर सरळ दाब देत नाही.

लाकडी जबड्यांचा हँडस्क्रू वेगळ्याच कौतुकाला पात्र आहे. त्याच्या दोन्ही स्क्रूंवर अर्ध्या भागात उजवे आणि अर्ध्यात डावे आटे असतात, म्हणून तो झपाट्याने उघडतो-मिटतो. नट फिरते असल्यामुळे जबडे हवे तितके तिरपे करता येतात. निमुळत्या पायावर, तिरक्या कडेवर दुसरं काहीच इतकं नीट बसत नाही, आणि लाकडाला वळ उठत नाहीत.

क्लॅम्प किती आणि कुठे

क्लॅम्पचा दाब लाकडात जबड्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत पसरतो. कडेची फळी १०० मिमी रुंद असेल तर पहिल्या सांध्यापर्यंत पोहोचेतो तो दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मिमी पसरलेला असतो. म्हणून क्लॅम्प दर २०० मिमीवर लावावा, १ मीटरच्या पल्ल्याला पाच. कडेची फळी २०० मिमी रुंद असेल तर तीनात पसराचं काम होतं, दाबाचा आकडा मात्र वेगळा मोजावा लागतो. ५० मिमीची बारीक कडपट्टी चिकटवायची असेल तर दर १०० मिमीवर क्लॅम्प लागेल. त्याऐवजी मध्ये ५० मिमी रुंदीची जाड, सरळ पट्टी घातली की अंतर पुन्हा २०० होतं. ती पट्टी कडेचं वळापासूनही रक्षण करते.

क्लॅम्प एक खालून, एक वरून असे आलटून पालटून लावावेत. खालच्यांनी पल्ला एका बाजूला वाकवला तर वरचे तो उलटा ओढतात. स्क्रूचा मध्य फळीच्या जाडीच्या मध्यावर यायला हवा. तो यावा म्हणून पट्टी आणि फळी यांच्यात ठोकळे घालून फळी उचलावी लागते. स्क्रू वर-खाली असेल तर १० मिमी जाडीची गोल काठी जबडा आणि कडेमध्ये, बरोबर जाडीच्या मध्यावर ठेवावी. दाब तिथूनच जातो.

पल्ला सपाट ठेवण्यासाठी वरून-खालून आडव्या पट्ट्या धराव्यात. त्यांच्या आतल्या कडेला मध्यभागी किंचित फुगवटा ठेवावा, ६०० मिमीत साधारण १ मिमी. टोकांना क्लॅम्प लावले की मधला भागही दाबला जातो. या पट्ट्यांवर पॅकिंगची चिकटपट्टी लावलेली असावी, नाहीतर त्या पल्ल्यालाच चिकटतात.

ग्लू लावण्याआधी

सगळी जोडणी एकदा कोरडी करून पाहावी, क्लॅम्प घट्ट पिळून. ही पायरी टाळल्यामुळे जितकी कामं बिघडतात तितकी बाकी कशानेही बिघडत नाहीत. टाइटबाँड ओरिजिनलचा ग्लू लावून उघडा ठेवायचा वेळ ४ ते ६ मिनिटांचा आहे, आणि सगळी जोडणी १० ते १५ मिनिटांत संपवावी लागते. टाइटबाँड ३ मध्ये हे ८ ते १० आणि २० ते २५ मिनिटं असतं. तेवढ्यात जबडा शोधणं, पट्टी कापणं जमत नाही. कोरड्या जोडणीत प्रत्येक क्लॅम्प कामाच्या रुंदीपेक्षा १० मिमी जास्त उघडा ठेवून जागेवर मांडून ठेवावा.

ग्लू लावल्यावर फळ्या एकमेकींवर घसरतात. एकदम पिळू नये. मधला क्लॅम्प आधी हलका, मग टोकांकडचे. सांधा बोटाने चाचपून फळ्या समपातळीत आणाव्यात, टोकाशी सांध्यावर एक छोटा क्लॅम्प उभा लावावा, आणि मग दुसऱ्या फेरीत सगळे घट्ट करावेत. सांध्यातून ग्लूचे बारीक मणी सारख्या अंतराने आले तर दाब आणि ग्लू दोन्ही बरोबर. कुठेच काही न येणं म्हणजे ग्लू कमी पडला. एकाच जागी ओघळ आला तर तिथे जास्त ओतला गेला, किंवा दाब एकीकडे झाला.

चौकट असेल तर लगेच दोन्ही कर्ण मोजावेत. २ मिमी फरक असेल तर ज्या कर्णाची लांबी जास्त, त्याच्या दिशेने क्लॅम्प जरासे तिरपे सरकवावेत आणि पुन्हा मोजावं. हे ग्लू ओला आहे तोवरच होतं.

क्लॅम्प अर्धा ते एक तास ठेवावेत, थंडीत जास्त. सांध्याला २४ तास तरी जोर पडू देऊ नये. घासायची घाई तर अजिबात नको: ग्लूमधल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड फुगलेलं असतं, ते त्याच दिवशी सपाट घासलं की नंतर आकसून तिथे खळगी पडते, आणि पॉलिश केल्यावर ती उठून दिसते.

निगा

एफ आणि पाइप क्लॅम्पच्या पट्टीवर तेल किंवा मेण लावू नये, पकडच जाते. स्क्रूच्या आट्यांवर मात्र थोडं मेण घासावं. वाळलेला ग्लू जुन्या पटाशीने किंवा खरवडणीने काढावा, विशेषतः पट्टीच्या दातांमधला. तिथे ग्लूचा एक थेंब राहिला तरी जबडा सरकतो. गंज आलाच तर तारेच्या ब्रशने घासून कोरडं पुसावं. जबड्याची फिरती चकती स्क्रूच्या गोळ्यावर नुसती दाबून बसवलेली असते आणि पहिली तीच हरवते. तेव्हा क्लॅम्प घेतानाच ती सुटी मिळते का ते विचारून ठेवावं, आणि मिळत असेल तर दोन जास्तीच्या घ्याव्यात.